दमलोय, की ताकदच गेलीय?

शांती नगरहून निघून मीरा रोडला लोकल पकडायची आणि उभ्याने चर्चगेट गाठायचं, म्हणजे कुणीही दमणारच. पण रविवारभर झोपूनही थकवा जात नसेल, असे महिने लोटले असतील, तर 'कामाचा ताण' म्हणून सोडून देऊ नका.

डॉक्टरांना नेमकं सांगा. स्टेशनचा पूल चढता येतो, पण नकोसा वाटतो, हा थकवा. कठडा धरल्याशिवाय पायच उचलत नाही, केस विंचरायला हात वर जात नाही, ही स्नायूंची कमजोरी. दोन्हींच्या तपासण्या वेगळ्या.

थकव्यात आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ बघतात. यातलं बरंचसं औषधाने सुधारतं. कमजोरी असेल तर रक्तातलं सीपीके, आणि गरज पडली तर नसा-स्नायूंची ईएमजी.

संध्याकाळपर्यंत पापणी खाली येते, एकाचे दोन दिसतात? मायस्थेनिया ग्रेव्हिस असू शकतो. अमिताभ बच्चन यांना १९८०च्या दशकात हाच आजार झाला होता. त्यानंतर त्यांनी किती काम केलं, ते आपण पाहिलंच! औषधांनी तो बहुतेकांत आटोक्यात राहतो. परळच्या केईएममध्ये न्यूरॉलॉजी विभाग आहे.

श्वास घ्यायला, गिळायला त्रास झाला तर मात्र ओपीडीची वाट बघू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

आणि सगळे रिपोर्ट नॉर्मल आले, तरी थकवा खोटा ठरत नाही. क्रॉनिक फटीग सिंड्रोम दाखवणारी एकही रक्ततपासणी अजून नाही. म्हणून घरात कुणी 'दमलोय' म्हणालं, तर 'आळशी' म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा.