शेजाऱ्याची गंजी आणि आपले घर



आपल्या मालमत्तेची हानी झाली की पहिला उद्गार निघतो, 'भरून द्या!' न्यायालय मात्र आधी दोन प्रश्न विचारते. प्रतिवादीने आपल्या कोणत्या हक्काचा भंग केला? आणि त्याने हयगय केली काय?

पहिल्या प्रश्नाचे महत्त्व एका इंग्लिश खटल्यावरून ध्यानात येईल. ब्रॅडफर्ड शहराला झऱ्यांचे पाणी मिळे. वरच्या अंगाला पिकल्स नावाच्या गृहस्थाची जमीन होती. त्याने स्वतःच्या हद्दीत खोदकाम आरंभले आणि झऱ्यांचे पाणी घटू लागले. आपल्याला जमीन विकत घ्यावयास लावण्यासाठीच हा खटाटोप आहे, असे नगरपालिकेचे म्हणणे. पण १८९५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पिकल्सच्या बाजूने निकाल दिला. जमिनीत झिरपणाऱ्या, निश्चित प्रवाह नसलेल्या पाण्यावर खालच्या मालकाचा हक्कच नव्हता. मग भंग कशाचा? हेतू वाईट असला, एवढ्यानेच कायदेशीर कृत्य अन्यायाचे ठरत नाही. आज आपल्याकडे भूजलासाठी निराळे कायदे आहेत. पण हानी म्हणजेच अन्याय नव्हे, हा धडा कायम आहे.

आता दुसरा प्रश्न. मेनलव्ह नावाच्या जमीनदाराने हद्दीजवळ गवताची गंजी रचली. ओलसर गवत दडपले की आतून तापते, हे आपल्या शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. गंजी पेट घेईल, असे लोक त्याला पाच आठवडे बजावीत होते. "होईल ते होईल," अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. गंजीचा विमा होताच! पुढे त्याने गंजीत धुराड्यासारखे भोक तेवढे पाडले. अखेर गंजी पेटली, त्याचे कोठार पेटले आणि शेजारच्या व्हॉन यांची घरे जळाली.

१८३७ च्या या खटल्यात मेनलव्हच्या वकिलांनी बचाव केला की, अशिलाने स्वतःच्या बुद्धीप्रमाणे प्रामाणिकपणे वर्तन केले. बुद्धीच तोकडी, हा काय त्याचा अपराध? न्यायमूर्ती टिंडल यांनी तो मान्य केला नाही. प्रत्येकाच्या पावलाची लांबी निराळी, तशी बुद्धीही निराळी. तिचे माप लावले तर नियमच उरणार नाही. माप एकच, सर्वसाधारण शहाणा मनुष्य अशा प्रसंगी किती काळजी घेईल, हे.

कोणास हे कठोर वाटेल. परंतु ज्याचे घर जळाले, त्याच्या हाती गंजी उपसणे नव्हते. ते मेनलव्हच्याच हाती होते. एकाच्या मंदबुद्धीची किंमत दुसऱ्याने का मोजावी?

आपल्या न्यायालयांतही हयगय याच मापाने मोजली जाते. म्हणून शेजाऱ्याची कललेली भिंत दिसली, तर त्याला लेखी कळवा. धोका त्याला ठाऊक होता, याचा तो पुरावा होतो. आणि आपल्यालाच कोणी बजावले, तर रागावण्यापूर्वी एकदा गंजीत हात घालून पाहा.