अंगणातली शेगडी

हुरड्याच्या दिवसांत रानात खड्डा खणून गोवऱ्या पेटविल्या, की आगटी सिद्ध होते. शहरातील अंगणात वीस विटा तेच काम करतात. मातीच्या थरावर त्या चुन्याविना तीन बाजूंनी रचाव्यात. उघडी बाजू वाऱ्याकडे असावी. तळच्या थरात बोटबोटभर फटी ठेवाव्यात, नाहीतर कोळसा नुसता धुमसतो. दुसऱ्या थरावर जाळी टेकवून वर तिसरा चढवावा.

जाळीपाशी मात्र हयगय नको. खुराड्याची जुनी जाळी हाताशी असते, म्हणून तीच वापरण्याचा मोह होतो. तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त फार तापले, की त्याचा धूर बाधतो. साध्या लोखंडी सळ्याच बऱ्या.

निखाऱ्यांवर राखेची पांढरी साय धरेपर्यंत थांबणाऱ्याचेच वांगे आतपर्यंत शिजते; ज्वाळेवर धरणाऱ्याचे वरून कोळसा, आत कच्चे!

उरलेले निखारे ऊब म्हणून घमेल्यात भरून बंद खोलीत नेण्याची चाल थंडीत जीवघेणी ठरते. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग, ना वास. निजलेल्याला तो जागे होण्याची उसंतही देत नाही. निखारे अंगणातच पाणी शिंपून विझवावेत.