रस्त्यावर चाक बसले तर



आपल्या मंडळात आजवर पाकक्रिया झाल्या, भरतकाम झाले, बाळंतिणीच्या आहारावर डॉक्टरीणबाई बोलून गेल्या. आज मला मोटारीच्या चाकावर बोलायला सांगितले आहे. विषय ऐकून दोघीतिघींनी पदर तोंडाला लावला, तो मी पाहिला. हसा खुशाल, पण आपल्या गोराईतल्या किती घरांत आज मुली आणि सुना गाडी चालवतात, ते एकदा मोजा. कोणी अंधेरीला नोकरीला जाते, कोणी सासूबाईंना दवाखान्यात नेते. गाडी चालवायला त्या शिकल्या, पण चाक बसले तर काय करायचे ते शिकवणीच्या गाडीत सहसा कोणी दाखवीत नाही. आमच्या यजमानांचे टायरचे दुकान आहे, एवढीच माझी या विषयातली शाळा.

वाटेत अडलेल्या मोटारीला बाईने हात लावणे हे काही आजचे खूळ नव्हे. १८८८ साली जर्मनीत बर्था बेंझ ही बाई, नवऱ्याने बनवलेली मोटार काढून, दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइम गावाहून फोर्ट्‌सहाइमला आपल्या आईकडे निघाली. शंभर किलोमीटरांची वाट. इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीला लावायच्या सुईने मोकळी केली. माहेरची ओढ माणसाला काय काय शिकवते पाहा! पंक्चर तेवढे तिच्या वाट्याला आले नाही, कारण हवेचे टायर तेव्हा मोटारीला नव्हतेच. डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले ते त्याच साली, आणि पुढे खिळ्यांना काम मिळाले.

आपण जिला ‘स्टेपनी’ म्हणतो, तो शब्दही एका गल्लीचा आहे. वेल्स देशात लानेली गावी स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. तिथल्या डेव्हिस बंधूंनी १९०४ साली जादा चाक काढले. रस्त्याचे नाव चाकाला चिकटले ते आपल्या पंक्चरवाल्याच्या तोंडी आजतागायत आहे.

आता गंमत अशी की, जितकी गाडी भारी तितकी ही स्टेपनी तिच्यात असण्याची शक्यता कमी. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या दुकानापासून थोड्या अंतरावर एक लालभडक, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी स्पोर्ट्‌स मोटार थांबली. आतून पंचविशीतली मुलगी उतरली आणि मलाच म्हणाली, “काकू, इथे पंक्चरवाला कुठे मिळेल?” मी यजमानांना हाक मारली. पुढचे डावे चाक खड्ड्यात आपटून बसले होते. भाऊजी जॅक घेऊन धावले, तर जॅक गाडीखाली जाईना. ते कडेच्या पट्टीखाली तो रेटू लागले, तेव्हा यजमानांनी त्यांचा हातच धरला. “अरे, ती शोभेची पट्टी आहे. जॅकची जागा ठरलेली असते, ती पुस्तकात पाहा.”

डिकी उघडली. ती या गाडीला पुढच्या बाजूला होती. आत स्टेपनी नाही, नुसती एक बाटली आणि छोटा पंप. बाटलीत चिकासारखे द्रव असते. ते टायरमध्ये सोडून पंपाने हवा भरली की लहान भोक बुजते. पण ते खिळ्याच्या भोकासाठी, आणि तेही टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथल्या. हिचा टायर बाजूने बोटभर चिरला होता. तिथे बाटलीही नाही आणि पंक्चरवालाही नाही. टायर नवाच घालावा लागतो. पोर रडकुंडीला आली. म्हणाली, “पप्पांनी गाडी दिली, पण डिकीत काय आहे ते मी कधी पाहिलंच नव्हतं.”

मी तिला घरी आणून वरणभात वाढला. एक गोष्ट मात्र तिने शहाण्यासारखी केली होती. धाडकन आवाज होताच ती थांबली. तशीच बोरिवली स्टेशनपर्यंत रेटली असती, तर टायरबरोबर रिमही गेली असती. सपाट तबकाचा ट्रक यायला चार तास लागले. अशा बुटक्या गाडीला पुढून उचलून ओढत नेत नाहीत, अख्खी ट्रकवर चढवतात. टायर तिसऱ्या दिवशी मिळाला म्हणे. त्याची किंमत ऐकून यजमानांनी ती पुन्हा विचारली.

असे का, ते मी नंतर यजमानांकडून समजून घेतले. पोर्शे ९११ च्या एका प्रकारात पुढचे टायर २४५ मिलिमीटर रुंद असतात आणि मागचे ३०५, म्हणजे फूटभर पट्टीएवढे. मग एकच स्टेपनी कुठल्या चाकाला बसणार? आणि त्या मागच्या टायरच्या रबराची उंची जेमतेम साडेतीन इंच. रबर जाड असले तर ते खड्ड्याचा मार खाते. पातळ असले की मार सरळ रिमला बसतो. काही गाड्यांना चार-पाच नट नसतात, मधोमध एकच दांडगा नट असतो; तो आपल्या पान्याने हलायचा नाही. मुंबईच्या पावसाळ्यात असली गाडी म्हणजे पैठणी नेसून भात लावायला जाणे. डिसेंबर २०२४ मध्ये रेवदंड्याच्या किनाऱ्यावर मुंबईकरांची फेरारी वाळूत रुतली, ती शेवटी बैलगाडीला दोर बांधून ओढून काढली. आपल्याकडेही भाईंदर-उत्तनच्या वळशाने गोराईच्या किनाऱ्यावर मोटारी येतात. त्यांना कोणीतरी सांगायला हवे की, बाबांनो, वाळू म्हणजे डांबर नव्हे.

तुम्ही म्हणाल, आपल्याला कुठली फेरारी? पण स्टेपनी नसण्याची ही तऱ्हा आता साध्या गाड्यांतही येते आहे. टायरमधली हवा उतरल्याचा इशारा देणारी सोय आणि पंक्चरचा संच असला, तर स्टेपनी नसली तरी चालेल, असा नियम केंद्र सरकारने २०२० साली केला. म्हणून जावयाने नवी गाडी आणली की पेढे खाण्याआधी डिकी उघडून पाहा. बाटली असेल तर तिच्यावरची मुदतीची तारीख वाचा. ते द्रव औषधासारखे मुदत संपणारे असते. आणि ते घातल्यावर गाडी सावकाश थेट दुकानापर्यंत न्यायची, महाबळेश्वरला नव्हे.

आता जिवाचे सांगते. चालत्या गाडीचे चाक फुटले तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट, सरळ धरावे, पाय हळूच उचलावा, वेग आपोआप उतरू द्यावा आणि डाव्या कडेला यावे. चारी दिवे लुकलुकते करावेत. हमरस्त्यावर असाल तर माणसे आधी बाहेर काढावीत, तीही डाव्या दाराने, आणि कठड्यापलीकडे उभी करावीत. मुले गाडीत झोपली आहेत म्हणून राहू देऊ नयेत. लाल त्रिकोण मागे चांगला लांब ठेवावा. गाडीच्या मागे उभे राहून हात करणारी माणसे मी पाहिली आहेत; तिथे उभे राहण्यासारखी वाईट जागा दुसरी नाही. डिसेंबर २०२४ मध्येच समृद्धी महामार्गावर वाशिम जिल्ह्यात रात्री लोखंडी पत्रा पडून पन्नासच्या वर गाड्यांचे टायर गेले. त्यांतल्या किती घरांतल्या बायकांना ठाऊक असेल की राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ हा नंबर फिरवायचा? उजव्या बाजूचे चाक असेल आणि शेजारून भरधाव गाड्या जात असतील, तर चाक बदलायला बसूच नये. उशीर झालेला परवडला.

जागा सुरक्षित असेल तर साध्या गाडीचे चाक बदलणे पुरणपोळीपेक्षा सोपे आहे, हे मी दोन्ही करून सांगते. हँडब्रेक ओढा, दुसऱ्या चाकाला दगड लावा. गाडी उचलायच्या आधीच नट थोडे सैल करा. चाक अधांतरी गेले की ते नुसते गरगर फिरते. हाताने जोर पुरत नसेल तर पान्यावर पायाने भार द्या. नट ढिला करायला ताकद लागते तशी युक्तीही लागते. घट्ट करताना शेजारचा नट न घेता समोरचा घ्या. आणि टायरमध्ये खिळा दिसला, पण हवा अजून आहे, तर तो उपटू नका! आता ट्यूबलेस टायर असतात. खिळा आत आहे तोवर तोच बूच असतो.

अध्यक्षबाई घड्याळ पाहत आहेत, तेव्हा पुरे करते. खाली आवारात आमच्या भाऊजींची गाडी उभी आहे आणि भाऊजींना मी घरीच ठेवून आले आहे. चहा झाला की पदर खोचून या. प्रत्येकीने एकेक नट सोडायचा आणि परत बसवायचा. मालतीवहिनींनी पदर सगळ्यांत आधी तोंडाला लावला होता, तेव्हा पहिला नट त्यांचा.