पाण्याची पट्टी आणि पाण्याचा हिशेब



राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या जनक पित्याच्या नावे वसविलेल्या या गावाजवळून कृष्णा वाहते. मग पाण्याला पैसे कसले, असे पुष्कळांना वाटते. परंतु नदी आपण होऊन टाकीत चढत नाही. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन ओझे. ते उपसावयाचे, गाळावयाचे, निर्जंतुक करावयाचे. पट्टी अपुरी पडली, की तूट रस्ते-गटारांच्या पैशातून भरावी लागते. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले, वापराप्रमाणे आकार घेतला. गरजेपुरते पाणी स्वस्त, उधळपट्टी महाग, हाच न्याय. मात्र दर वाढविण्यापूर्वी नगरपालिकेने गळती थांबवावी, जमाखर्च लोकांपुढे मांडावा. हिशेब उघडा असेल, तर देणाऱ्याचा हात आखडणार नाही.