सीमारेषा आणि शहरे



वर्गातील भिंतीवरच्या नकाशात शहर म्हणजे एक ठिपका आणि सीमा म्हणजे एक रेषा. या दोहोंमधील अंतरावर लक्षावधी कुटुंबांचा चरितार्थ अवलंबून असतो, हे मात्र नकाशा सांगत नाही.

क्षेत्रफळाने जगात दुसऱ्या क्रमांकाच्या कॅनडाची सुमारे दोन तृतीयांश लोकसंख्या अमेरिकेच्या सीमेपासून १०० किलोमीटरांच्या आत राहते. उत्तरेस कडाक्याची थंडी आणि खडकाळ भूमी. दक्षिणेस सुपीक जमीन, सेंट लॉरेन्स नदी आणि पंचमहासरोवरांचा जलमार्ग. त्यामुळे टोरांटो, मॉन्ट्रियल, व्हँकूव्हर ही शहरे सीमेलगतच्या पट्ट्यात वाढली. सीमेपलीकडील बाजारपेठ त्यांच्या भरभराटीस साहाय्यभूत ठरली.

भारतात हा क्रम उलटा झाला. शहरे आधी वसली, रेषा नंतर आली. रॅडक्लिफ यांचा निवाडा १७ ऑगस्ट १९४७ रोजी प्रसिद्ध झाला आणि जेमतेम ५० किलोमीटर अंतरावरील लाहोर व अमृतसर ही शहरे दोन देशांत गेली. वायव्येकडील व्यापाराची मोठी पेठ असलेले अमृतसर अकस्मात रस्त्याच्या शेवटचे शहर झाले. बंगालमध्ये तागाच्या गिरण्या हुगळीकाठी राहिल्या, तर उत्तम तागाची शेते सीमेपार गेली. आसामकडे जाणारा लोहमार्गही तुटला. सिलिगुडीजवळच्या चिंचोळ्या भूपट्टीतून नवा मार्ग १९५० मध्ये सुरू करावा लागला.

तरीही या रेषेने नवी शहरेही जन्मास घातली. लाहोर गेले म्हणून पंजाबला राजधानी हवी होती. ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्यानुसार चंडीगढ उभे राहिले. कराची बंदर गेले म्हणून कच्छमध्ये कांडला विकसित झाले आणि सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी त्याच्याजवळ गांधीधाम वसले.

कराचीचा मराठी माणसाशीही जुना ऋणानुबंध आहे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. सिंधमध्ये शिक्षणप्रसाराचे कार्य करणारे नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा त्या शहरात आजही उभी आहे. राज्य बदलले, सीमा बदलली. शिक्षकाचे नाव मात्र टिकले.

म्हणून सीमेशी असलेली जवळीक शहरासाठी वरदान की शाप, हे केवळ अंतरावरून ठरत नाही. तेथील दार किती उघडे आहे, यावर ते अवलंबून असते. दार मिटले तर जवळची पेठही परकी होते.

पालकहो, पाल्य नकाशात शहरे भरत असताना त्याला एक प्रश्न अवश्य विचारावा : रेषेपाशी थांबलेला हा रस्ता पूर्वी कोठे जात होता? ज्या घरांत फाळणीच्या आठवणी सांगणारी वडीलधारी माणसे आहेत, तेथे या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाआधी घरातच मिळेल. ते ऐकून घेण्यास आता फार वर्षे उरलेली नाहीत.