पेन्शनीतले कार्यकर्ते : गोपाळबाबा वलंगकर



आम्ही बँकेत काम करणारी माणसे. दर नोव्हेंबरात निवृत्त जवान हयातीचा दाखला द्यायला येतात, तेव्हा आम्हाला गोपाळबाबा वलंगकरांची आठवण होते.

कोकणात महाडजवळच्या रावढळ गावचे गोपाळबाबा १८८६ साली सैन्यातून निवृत्त झाले. पण पेन्शन घेऊन ते स्वस्थ बसले नाहीत. महात्मा फुल्यांचे विचार घेऊन ते 'दीनबंधू'त लिहू लागले. १८८८ साली 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका काढून, अस्पृश्यता कोणत्या आधाराने पाळता, असा जाब त्यांनी धर्ममार्तंडांना विचारला. पुढे सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली. बाबांची स्वतःची नोकरी तर केव्हाच संपली होती. तरीही पुढच्या पोरांसाठी १८९४ साली त्यांनी विनंतिपत्र तयार केले. १८९५ मध्ये महाड लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा सवर्ण सभासदांनी हरकत घेतली.

१९०० साली बाबा गेले. भरतीचे दार त्यांच्या हयातीत उघडले नाही. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ साली, आपल्या जवळच्या बेळगावला. त्यापूर्वी १९२७ साली त्याच महाडात बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला होता.

म्हणून आपल्या निवृत्त जवान बांधवांना आमची विनंती आहे : रोज एक तास समाजाला द्या. कुणाचा अर्ज लिहा, मुलांचा अभ्यास घ्या. विद्यार्थ्यांनो, तुम्हीही त्यांच्याजवळ जाऊन बसा. हयातीचा खरा दाखला तोच, असे आम्ही मानतो.

जय भीम!