मज्जातंतूंचे सोबती



दाराच्या चौकटीवर कधी कोपर आपटले, तर करंगळीपर्यंत सळकन झिणझिणी जाते. आपटते कोपर आणि कळवळते करंगळी! याचे कारण आपण शाळेत शिकलेलो असतो. कोपरामागच्या खोबणीतून एक मज्जातंतू करंगळीकडे जातो, कातडीच्या अगदी जवळून जातो, आणि आपटतो तो तोच.

पण आज मी बोलणार आहे ते त्या तंतूला बिलगून राहणाऱ्या पेशींविषयी. पाठ्यपुस्तकात त्यांच्या वाट्याला फार तर दोन ओळी येतात. त्यांना आधारपेशी म्हणतात. मी काही वैद्यकाचा माणूस नव्हे. महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे मेंदूची आकृती दरवर्षी फळ्यावर काढावी लागते, एवढेच. परंतु माझ्या एका शिक्षक मित्राने सांगितलेली हकिकत ऐकल्यापासून त्या दोन ओळी मला पुरेनाशा झाल्या आहेत. ती हकिकत ओघाने येईलच.

या पेशींची उपेक्षा सुरू झाली ती बारशापासूनच. रुडॉल्फ फिरखो हा जर्मनीतला मोठा शास्त्रज्ञ. मेंदूत मज्जापेशींच्या मधल्या जागेत काहीतरी भरलेले त्याला दिसले. १८५६ साली त्याने त्याला ‘न्यूरोग्लिया’ असे नाव दिले. ग्लिया म्हणजे सरस. सुतार लाकडाला लाकूड चिकटवतो, तो. आता एकदा सरस म्हटल्यावर त्याच्याकडे कोण बघतो? दागिना पाहताना आतली लाख कोणी पाहत नाही. पुढे १८७३ साली इटलीतल्या गॉल्जीने चांदीच्या क्षाराने पेशी काळ्या रंगवण्याची युक्ती काढली. स्पेनच्या काहालने तीच युक्ती वापरून मज्जापेशींची अप्रतिम चित्रे काढली. दोघांना १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही एकत्र. आणि दोघांचे मत मात्र शेवटपर्यंत जुळले नाही. मज्जापेशी सुट्या सुट्या की सारे एकच जाळे, हा त्यांचा वाद. या वादात सरस आपला कोपऱ्यात पडून होता. या सरसात निरनिराळ्या कामांच्या निरनिराळ्या पेशी आहेत हे नीट उलगडायला रिओ-ऑर्तेगा या स्पॅनिश संशोधकाचे १९१९ साल आणि त्यापुढची वर्षे उजाडावी लागली.

या पेशी किती? मज्जापेशींच्या दहापट, असे कित्येक पुस्तकांत छापलेले होते. मीही वर्गात तेच सांगत आलो. २००९ साली ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हूझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचा अक्षरशः पातळ काला करून त्यातली पेशीकेंद्रे मोजली. मज्जापेशी निघाल्या सुमारे ८,६०० कोटी, आणि बाकीच्या सगळ्या मिळून जवळजवळ तेवढ्याच. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची क्षमा मागायला आता उशीर झाला आहे.

मेंदूतल्या आधारपेशींची ओळख थोडक्यात करून देतो. चांदणीच्या आकाराच्या तारकापेशी एक पाय रक्तवाहिनीवर आणि दुसरा मज्जापेशींच्या सांध्यापाशी ठेवून असतात. क्षारांचे प्रमाण सांभाळतात, संदेश देऊन झाल्यावर सांडलेली रसायने उचलून घेतात. सूक्ष्म पहारेकरी पेशी मेलेले, बिघडलेले ते गिळून जागा साफ करतात. तिसऱ्या जातीच्या पेशी तंतूंवर आवरण चढवतात. हे आवरणच झिजू लागले, की दृष्टी अंधुक होते, पाय लटपटतात. आणि मेंदूत ज्या गाठी निर्माण होतात त्यांतल्याही पुष्कळ या आधारपेशींच्याच असतात. कारण मोठ्या माणसाच्या मज्जापेशी सहसा वाढत नाहीत, या वाढू शकतात.

आता मेंदू सोडून आपण पुन्हा कोपराकडे येऊ. हातापायांच्या तंतूंभोवती जी आधारपेशी असते तिला श्वान पेशी म्हणतात. वनस्पतींप्रमाणे प्राण्यांचे शरीरही पेशींचेच बनलेले आहे, हे १८३९ साली मांडणाऱ्या थिओडोर श्वान याचे हे नाव. ही पेशी तंतूभोवती कशी राहते? डोक्याला फेटा बांधावा तशी. ती स्वतःच तंतूभोवती वेढ्यावर वेढा घेते, आणि या वेढ्यांत चरबी भरपूर असल्यामुळे विजेच्या तारेवरच्या वेष्टणासारखे काम होते. एक पेशी संपते तिथे थोडी फट राहते, मग दुसरी पेशी सुरू. उसाची पेरे डोळ्यांपुढे आणा. ओढ्यातल्या दगडांवरून पोरगा उड्या मारत जातो, तसा संदेश एका फटीवरून दुसऱ्या फटीवर उडी घेत जातो. फेटा नसलेल्या बारीक तंतूत संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर, म्हणजे आपल्या रमतगमत चालण्याइतका. चांगल्या जाड फेट्याच्या तंतूत तोच वेग सेकंदाला १२० मीटरपर्यंत जातो. धागा मज्जापेशीचा खरा, पण हा वेग सोबत्याने दिलेला.

शेतात काम करणाऱ्यांना दुसरा अनुभव असेल. विळ्याने मनगटापाशी खोल जखम झाली, तंतू तुटला, बोटे बधिर झाली. डॉक्टरांनी टोके शिवली. पाच-सहा महिन्यांनी बोटांत मुंग्या येऊ लागतात आणि हळूहळू जाण परतते. ही किमया श्वान पेशींची. तंतूचा पुढचा तुकडा मरतो, पण या पेशी मरत नाहीत. त्या फेटा सोडतात, मोडतोड आवरतात, आणि रांगेने उभ्या राहून नव्या अंकुराला जुन्या वाटेने नेतात. अंकुर दिवसाला साधारण एक मिलिमीटर सरकतो. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा, म्हणजे महिन्यांचा हिशेब लागतो. पाठीच्या कण्यातला रज्जू तुटला तर मात्र असे होत नाही. तिथल्या आधारपेशी वाट दाखवण्याऐवजी व्रण तयार करतात, वाढ अडवतात.

अशी ही गुणी पेशी. आणि हिच्याच घरात एक शत्रू येऊन राहतो. नॉर्वेच्या हान्सेनने १८७३ साली कुष्ठरोगाचा जंतू पाहिला. जुनी माणसे ज्याला महारोग म्हणत, तो हा रोग. या जंतूला थंडावा मानवतो, म्हणून तो कातडी आणि कातडीजवळचे तंतू धरतो, आणि तंतूत तो बिऱ्हाड करतो ते श्वान पेशीत. तिथे तो अतिशय सावकाश वाढतो. लक्षणे दिसायला बहुधा पाच वर्षे, कधी वीसही लागतात. मग शरीराचे पहारेकरी त्याच्यावर तुटून पडतात, आणि त्या धुमश्चक्रीत सोबत्याबरोबर तंतूही चिरडला जातो. आधी ऊन-गार कळेनासे होते, मग स्पर्श, मग वेदना. कोपरामागचा तंतू दोरीसारखा जाड लागतो, करंगळी वाकू लागते. बोटे या रोगाने झडतात असा समज आहे. जंतू बोटे खात नाही. चटका कळत नाही, काटा कळत नाही, जखमा चिघळत राहतात, आणि त्यापायी बोटे जातात.

आता ती हकिकत. माझ्या मित्राच्या पाचवीच्या वर्गात एक मुलगी होती. दंडावर रुपयाएवढा फिकट चट्टा. घरच्यांनी गजकर्ण समजून दोन वर्षे मलमे लावली. चट्टा खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून काळजीही नव्हती. एके दिवशी ती वर्गात आली तेव्हा करंगळीवर मोठा फोड होता. “कशाने भाजलं ग?” गुरुजींनी विचारले. “ठाऊक नाही गुरुजी. सकाळी चुलीवरचं पातेलं उतरवलं होतं,” ती म्हणाली. भाजले ते मुलीला कळलेच नव्हते! गुरुजी तिला आणि तिच्या वडिलांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले.

सरकारी दवाखान्यात या रोगाची औषधे फुकट मिळतात. रोगाच्या प्रकाराप्रमाणे सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात. ती सुरू झाली की संसर्गाची भीती लवकरच जाते, आणि एरवीही बहुतेक माणसांच्या अंगी या जंतूचा प्रतिकार उपजतच असतो. म्हणून मुलाला वर्गातून उठवण्याचे काही कारण नाही. औषधाने जंतू मरतो. पण पूर्वीच मेलेला तंतू औषधाने उठत नाही. सगळा प्रश्न आहे तो वेळेचा.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना चाचणी सांगतो. तिला खर्च नाही. फिकट किंवा लालसर, न खाजणारा चट्टा दिसला, तर मुलाला एकीकडे घ्या, वर्गासमोर नको. कापसाची वात किंवा पेनाचे टोक आधी चांगल्या कातडीला हलकेच लावून दाखवा. मग डोळे मिटायला सांगा आणि म्हणा, “लागेल तिथे बोट ठेव.” कधी चट्ट्यावर लावा, कधी बाहेर. चट्ट्यावर लावले असता बोट जागचे हलले नाही, तर त्याच आठवड्यात आरोग्य केंद्र गाठा.

त्या मुलीची औषधे आता संपली आहेत. करंगळी थोडी वाकडी राहिली आहे. चुलीवरचे पातेले ती आता फडक्याने धरते, आणि हाताला चटका बसला नाही ना, हे रोज रात्री डोळ्यांनी तपासून पाहते.